नाव, गाव आणि गुडघे

दसऱ्यानंतरच्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर जाऊन आलो. कितव्यांदा ते विचारू नका, मोजणं सोडून दिलंय. फोटो नेहमीचेच आलेत. कोकणकडा, केदारेश्वराच्या गुहेतलं ते गार पाणी, सोनकीने पिवळा झालेला उतार. ते तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे दहा वेळा पाहिलेत, आईने तर आता बघायलाही नकार दिलाय. त्यामुळे आज गडाबद्दल लिहीत नाही. आज लिहायचंय ते पहाटे पाचनईत जे रिंगण झालं त्याबद्दल. आणि त्या निमित्ताने घरातल्या एका जुन्या गोष्टीबद्दल, जी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कोणीच ऐकलेली नाही.

ज्यांनी कधी ग्रुपबरोबर ट्रेक केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रात्री पुण्याहून बस निघते. कोतूळच्या पुढे रस्ता असा काही लागतो की झोपलेला माणूस आपल्या पाठीचे मणके मोजत जागा होतो. पहाटे पायथ्याच्या गावात उतरायचं, कोणाच्या तरी ओसरीवर चहा-पोहे खायचे, आणि मग लीडर टाळ्या वाजवून सगळ्यांना गोल उभं करतो. हीच ती ओळख परेड. नाव सांगा, कुठून आलात, काय करता, आणि आतापर्यंत किती ट्रेक केलेत.

आम्ही बावीस जण होतो. पहिला म्हणाला, अमुक, हिंजवडी, आयटी, सतरा ट्रेक. दुसरी, तमुक, बाणेर, आयटी, नऊ. तिसरा, आयटीच, पण सत्तावीस. मग एकाने 'सह्याद्रीत पन्नासच्या वर आणि हिमालयात दोन' असं म्हटल्यावर पुढच्याचा आवाज आपोआप बारीक झाला. मीही माझा आकडा सांगितला असता, पण खरंच लक्षात नव्हता, म्हणून 'बरेच' म्हणालो. (ते आकडा सांगण्यापेक्षाही जास्त आगाऊ वाटलं असावं.)

मग एक बाई पुढे आल्या. ग्रुपमध्ये त्या कोणाच्याच ओळखीच्या नव्हत्या, एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "वय चोपन्न. चढायला मला काही वाटत नाही. उतरताना भीती वाटते. चष्मा बायफोकल आहे, खाली बघितलं की पायरी नेमकी किती खोल आहे ते कळत नाही. आणि मला दर दीड तासाने आडोसा लागतो, तेव्हा कोणी 'अजून जरा पुढे जाऊ' म्हणू नका." एवढं बोलून त्या गप्प उभ्या राहिल्या. नाव सांगायचं राहिलंच होतं, ते लीडरने विचारल्यावर सांगितलं.

दोन-तीन पोरं फिसकन हसली. पण नंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. त्यांच्या पुढचा मुलगा नाव-गाव सांगून थांबला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "माझा डावा गुडघा मागच्या वर्षी फिरलाय." त्याच्या पुढची म्हणाली, दम्याचा पंप बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे, लागला तर तिथून काढा. ते हिमालयात दोनदा गेलेले गृहस्थ, ज्यांचा नंबर केव्हाच होऊन गेला होता, ते मागून म्हणाले, "मला मधुमेह आहे, अकराच्या आत काहीतरी खावं लागतं. मघाशी सांगायचं राहिलं." राहिलं नव्हतं, त्यांनी ते वगळलं होतं. आपण सगळेच वगळतो.

लीडर पोरगा हुशार होता. त्याने तिथल्या तिथे चालण्याचा क्रम बदलला. येताना त्या बाई त्याच्या बरोब्बर मागे, आणि प्रत्येक उतारावर तो आपला हात नाही, तर पाऊल कुठे ठेवायचं ती जागा दाखवत होता. बावीस ओळखींपैकी ज्यांचा त्या दिवशी उपयोग झाला त्या एवढ्याच, चार.

आणखी एक किस्सा त्याच रिंगणातला. एका मुलाने नुसतं पहिलं नाव सांगितलं. लगेच समोरून प्रश्न आला, "आणि आडनाव?" प्रश्न विचारणारे माझ्याच वयाचे, सुशिक्षित, स्वभावाने अगदी चांगले. मुलाने आडनाव सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. हा 'अच्छा' आपल्याकडे किती प्रकारे म्हणता येतो ते तुम्हाला मी सांगायला नको. आता मला सांगा, त्या आडनावावरून या मुलाला निसरड्या कातळावर हात द्यावा लागेल की नाही हे कळणार होतं का? त्याला पोहता येतं का, रात्री झोप झालीय का, पाणी किती घेतलंय? जे विचारायला हवं ते विचारणं आपल्याला भोचकपणा वाटतो, आणि जो खरा भोचकपणा तो आपण ओळख म्हणून खपवतो.

आपली ओळख थाटात सांगायची हौस तशी फार जुनी आहे म्हणा. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या, मूर्तींच्या वर त्यांची नावं कोरलेली. मूर्ती गेल्या, खाली पायांचे अवशेष तेवढे उरले, वरची नावं मात्र टिकली. शेजारच्या भिंतींवर नागनिका राणीचा लांबलचक लेख आहे, कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती हत्ती दान दिले. ज्या वाटेने कोकणातून जुन्नरकडे व्यापारी धापा टाकत वर यायचे तिथे हा सगळा पाढा! पण एक आहे. लेण्याजवळच पाण्याची टाकी खोदून ठेवलीत. आकडे सांगितले ते सांगितले, पण वर आलेल्याला तहान लागलेली असणार याचा विचारही कोणीतरी केला होता.

असो. गडावर दुपारी देवळाजवळच्या झापात पिठलं-भाकरी खाताना दुसरा अध्याय सुरू झाला, सल्ल्यांचा. दुसरा एक ग्रुपही तिथेच जेवत होता, त्यातली काही मंडळी पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन परत येणार होती. त्यांनी विचारलं, वर यायला सगळ्यात चांगली वाट कुठली? आणि आमच्यातले पाच जण एकदम बोलायला लागले.

एक म्हणाला खिरेश्वर. "तोलार खिंडीतून या, खरी मजा तिथेच." दुसरा म्हणाला, "पाचनई म्हणजे बागेत फिरल्यासारखं, त्यात काय." तिसरा, अर्थातच, "नळीची वाट केल्याशिवाय हरिश्चंद्रगड केला असं म्हणूच नका."

आता हे तिघेही खरं बोलत होते हीच तर गंमत आहे. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची, मध्ये कातळाच्या पोटातून जाणारा टप्पा सोडला तर साधी. खिरेश्वरहून तोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळ, आणि त्यानंतर 'आलं आलं' म्हणेपर्यंत एकामागून एक टेकाडं. चार-पाच तास सहज, आणि धुक्यात ती टेकाडं सगळी सारखीच दिसतात. नळीची वाट बेलपाड्याहून, कोकणकड्याला चिकटून, दगडगोट्यांच्या घळीतून. पूर्ण दिवस खाते, आणि दोरी बरोबर नसेल तर मी तरी कोणाला पाठवणार नाही. गड एकच, उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. फक्त कोणासाठी बरोबर, एवढं सोडून. कारण पाचही जणांपैकी एकानेही (मी त्यात होतो) विचारलं नव्हतं की 'घरचे' म्हणजे कोण? सासूबाई आहेत का? सहा महिन्यांचं बाळ आहे का?

आणि सांगणाऱ्यांनी आपल्याबद्दलही काही सांगितलं नव्हतं. नळीची वाट सांगणाऱ्याने ती डिसेंबरात, आठ जणांच्या पट्टीच्या टीमबरोबर केली होती. हे मला नंतर कळलं, उतरताना सहज विचारलं तेव्हा. जेवताना तो म्हणाला होता, "काही नाही हो."

या 'काही नाही हो'वर माझा राग आहे. मराठीत वाटेबद्दल बोलताना यापेक्षा धोकादायक शब्द मला माहीत नाहीत. 'अवघड आहे' म्हणणारा माणूस निदान थांबवतो. 'काही नाही' म्हणणारा माणूस स्वतःचे पाय दुसऱ्याला लावून त्याला पुढे पाठवतो. आणि बोलण्यात तर केवढी विनम्रता! मी काही मोठं केलं नाही, तुम्हीही कराल. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं.

राग आहे कारण हे वाक्य मी वापरलंय. आता ती घरातली गोष्ट.

जुलै 2012. नानाकाका मिरजेहून पुण्याला आले होते. त्याच वर्षी रिटायर झालेले. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, राजगड ही महाराजांची पंचवीसएक वर्षांची राजधानी हे शेकडो पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि स्वतः राजगड पाहिलेला नव्हता. गुरुवारी दुपारी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमधून बाहेर येऊन बोललो. म्हणालो, "गुंजवण्यातून जा नाना. काही नाही हो, दोन-अडीच तासांत वर. शेवटी चोर दरवाज्यापाशी जरासा कातळ आहे, पण रेलिंग आहे."

शब्द न् शब्द खरा. मी स्वतः तसाच गेलो होतो, एकविसाव्या वर्षी, फेब्रुवारीत, कोरड्या खडकावरून, तीन मित्रांबरोबर.

नाना गेले रविवारी, भर पावसात, सूनबाई आणि दुसरीत असलेली नात यांना घेऊन. चोर दरवाज्याच्या खाली शेवटच्या चढात कातळावरून पाणी वाहत होतं, धुकं होतं, वर माणसांची रांग, खाली माणसांची रांग. आणि तिथे नानांनी रेलिंग धरलं ते सोडेनात. वर जाता येईना, खाली येता येईना. मागची पोरं "काका, चला पटपट" म्हणून ओरडत होती. पाऊण तास. शेवटी दुसऱ्याच कुठल्या तरी ग्रुपमधली दोन मुलं खालच्या बाजूला उभी राहिली आणि त्यांचा एकेक पाय हाताने उचलून एकेक खोबणीत ठेवत त्यांना उतरवलं. नानांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नात खालून बघत होती. पावसामुळे तिला कळलं नसावं असं वहिनी मला नंतर म्हणाली. मला नाही तसं वाटत.

तुम्ही ही गोष्ट 'नाना राजगडावरून अर्ध्यातून परत आले' एवढीच ऐकलीय. लग्नकार्यात हसत हसत सांगितली जाते. माझी बाजू अशी की मला माहीत होतं. कोथरूडला मोठ्या दादाचं घर चौथ्या मजल्यावर. सगळे गॅलरीत चहा घ्यायचे, नाना आतल्या खोलीतून, भिंतीला टेकून गप्पा मारायचे. "वारा लागतो" म्हणायचे. लहानपणापासून मी ते पाहिलंय. म्हणजे मला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. मी फोनवर गडाबद्दल सांगत बसलो, फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे तिकडे लक्षच दिलं नाही. आणि त्याच गडाला पाली दरवाज्याची वाट आहे, रुंद, बांधीव पायऱ्यांची. ती मी सांगितली नाही, कारण ती मला कंटाळवाणी वाटते.

परत आल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा नाना म्हणाले, "तुझा गड सोपाच आहे रे, मीच अवघड निघालो." त्यानंतर त्यांनी मला नोकरीबद्दल विचारलं, पोरांबद्दल विचारलं, गॅसच्या सबसिडीबद्दलसुद्धा विचारलं. गडाबद्दल कधी नाही.

तेव्हापासून मी माझे ट्रेक मोजत नाही.

वाट सांगायची कशी ते मला त्यानंतर काही वर्षांनी पाचनईतल्याच एका मामांकडून कळलं. (डोंगरात सगळे 'मामा'च असतात, आणि ते बरं आहे.) आम्ही दोघे वाट विचारायला त्यांच्या अंगणात गेलो. मामांनी आमच्याकडे पाहिलंच नाही, खाली पाहिलं. म्हणाले, "पाय वर करा, बूट बघू." तळवा बघितला, अंगठ्याने घासून बघितला. मग, "रातच्याला जेवलात का? पाणी किती हाय?" आणि सगळं झाल्यावर, "कड्याकडं जायचं तर सावलीच्या आत माघारी फिरा, या बुटांनी उतरताना घसराल." आमचं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी निघताना विचारलं. त्यांची ओळखही त्यांनी वाटेतूनच दिली, "मी गुरं घेऊन रोज जातो, माझ्या हिशोबानं अर्धा तास, तुमच्या हिशोबानं दीड धरा." माझ्या हिशोबानं आणि तुमच्या हिशोबानं! हे असं फोडून सांगणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचाय. नाहीतर गावात 'हे काय, पलीकडंच' ऐकून मी किती वेळा अंधारात चाललोय ते माझं मला माहीत.

हे मी परवा बायकोला ऐकवत होतो तेव्हा ती म्हणाली, मग वारीचं काय? तिथे कोण कोणाची ओळख विचारतं? सगळे माऊली. नाव नाही, गाव नाही, वय नाही, आणि तरी म्हातारी माणसं आळंदीहून पंढरपूरला चालत पोचतात.

बिनतोड मुद्दा आहे, मी दोन दिवस विचार करत होतो. मला वाटतं तिथे विचारावं लागत नाही कारण वाटेने आधीच सगळ्यांचा विचार केलेला आहे. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे नंबर ठरलेले, रथाच्या पुढे कोण, मागे कोण ठरलेलं. दिवेघाटासारखा चढ आला तरी चाल सगळ्यांची मिळून एकच. तिथे माऊली म्हणणं पुरतं. पण जिथे तुम्ही माणसाला त्याच्या त्याच्या पायांवर सोडून घरी फोन ठेवून देता, तिथे नुसतं माऊली म्हणून कसं चालेल? (बायकोला हे फारसं पटलेलं नाही, ती म्हणते तुला उत्तर सापडलं नाही की तू लांब वाक्यं बोलतोस.)

खरं तर एवढ्यावर थांबणार होतो, पण मंगळवारी रात्री फोन आला. नानांची नात. तेव्हा दुसरीत होती ती, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "काका, राजगडला जायचंय, कुठून जाऊ?"

मी विचारायला लागलो. किती जण? चार. पहिल्यांदा कोण? दोघी. उंचीला कोण घाबरतं? एक जण. बूट कसले? कॉलेजला घालतो तेच. मी म्हटलं, तळवे घासलेत का बघ. ती म्हणाली, "काका, आजोबा म्हणाले होते की तो असले प्रश्न विचारेल." मी गप्प. मग ती म्हणाली, "तेही येतो म्हणतायत. वर नाही. पालीपर्यंत गाडी जाते ना, तिथे बसतो म्हणाले, खालून बघतो. त्यांना चालेल ना तेवढं?"

मी म्हटलं, त्यांनाच दे फोन.

नाना फोनवर आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गुडघे दोन्ही गेलेत. तासाभराच्या वर एका जागी बसवत नाही. ऊन सोसत नाही. आणि उंचीचं तुला ठाऊकच आहे. आता सांग."

मग आम्ही अर्धा तास बोललो. रविवारी साडेपाचला निघतोय, मी पण खालीच थांबणार आहे त्यांच्याबरोबर. पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची कोणाकडे असेल तर शनिवारपर्यंत कळवा, आमच्याकडची मोडलीय.